दहापैकी दहा

जयपूर, ६ जुलै

मैत्रेयी,

आशीर्वाद शेवटी देईन, राग उतरला तर.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे. हे पत्र गुरुवारी सुरू केलं आणि आज रविवार उजाडला. एवढं कशाला, सरळ फोन करायचास, असं म्हणशील. फोनवर तू माझी वाक्यं पुरी करतेस. माझी जीभ जड झालीय, डोकं नाही. मी "मला आज" एवढं म्हणेपर्यंत तू "बरं वाटत नाहीये का?" म्हणून मोकळी. मला आज पिठलं खावंसं वाटत होतं, एवढंच सांगायचं होतं. कागदावर तरी तुला मध्येच बोलता येणार नाही.

स्वयंपाकघरातला कॅमेरा बिघडलेला नाही. त्याच्यावर मी पोळ्यांचं फडकं टाकलंय आणि ते तिथेच राहील. पुण्यात बसून आई चहात साखर किती घालते ते बघायची एवढी हौस असेल, तर इथे येऊन माझ्यासमोर बसून बघ.

काल शेजारचे माथुरजी मोबाईल नाचवत आले. "मैडम, मकान बेच रही हैं? बताया भी नहीं!" बघते तर आपल्याच घराचा फोटो. तुझ्या बाबांनी लावलेली बोगनवेल, माझी कुंडी, फाटकावर ते गेल्यावरही त्यांच्याच नावाची पाटी, आणि वर ठळक अक्षरांत 'इंडिपेंडेंट हाउस, कॉर्नर, सांगानेर से दस मिनट'. तुझे बाबा विमा कंपनीच्या बदलीवर इथे आले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. नंतर त्यांच्या बदल्या होत राहिल्या, ते जात-येत राहिले, पण माझी कॉलेजातली नोकरी होती म्हणून आपण दोघी इथून हललो नाही. तेहतीस वर्षं मी इथल्या मुलींना राज्यशास्त्र शिकवलं. स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर बोलून बोलून घसा बसायचा. आणि आता दलालाकडून कळतं, की घर इंडिपेंडेंट आहे. घरातल्या बाईला कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणशील, नुसता भाव काढायला फोटो टाकला होता. मग मला सांगून का नाही टाकलास?

आता केसांचं. हे मी तीन महिने गिळलं. एप्रिलमध्ये झटका आला, उजवं अंग गेलं, तोंडातून शब्द फुटेना. अकरा दिवस मी त्या खाटेवर होते आणि तुम्हाला सगळ्यांना वाटत होतं की मला काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. कात्री घेऊन बाई आली, तेव्हा तू दाराशी उभी होतीस. तिने विचारलं, "काट दें?" तू म्हणालीस, "कर दीजिए, इनको ही आसानी रहेगी." मी डावा हात हलवला. तुला वाटलं, पाणी मागतेय. तू पाणी पाजलंस.

कमरेपर्यंतची वेणी होती माझी. पांढरी झाली होती, पातळ झाली होती, पण माझी होती. तुझ्या बाबांच्या आजीचे केस नवरा गेल्यावर तिला न विचारता काढले. ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि पहिल्या बाकावरच्या मुली डोळे पुसायच्या. यापुढे ती सांगताना मला तुझं नाव घ्यावं लागेल.

करार मात्र मी पाळणार आहे. १४ ऑगस्टला माझ्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या शेखावत मॅडम परीक्षा घेतील. जेवण, अंघोळ, केस-तोंड, कपडे, जिना वगैरे दहा रकाने. सगळ्यांत 'स्वतंत्र' आलं तर मी इथे राहणार. एका जरी रकान्यात 'आधाराने' आलं, तर तू म्हणतेस त्या पुण्याच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत. तूच घातलेली अट आहे, विसरू नकोस.

आशीर्वाद नाहीत.

आई

•

जयपूर, १५ जुलै

मैत्रेयी,

पत्र मिळाल्याचा तुझा निरोप आला. "आई, इतना ग़ुस्सा?" एवढाच. शाळेत हिंदी-इंग्रजीत वाढलीस, मराठी अडखळत वाचतेस, ठाऊक आहे मला. तरी मी मराठीतच लिहिणार. अडलं तर अनिरुद्धला विचार. नवरा शेवटी कधी कामाला यायचा?

एजन्सीची ती नर्स मी परत पाठवली. मला 'अम्मा' म्हणायची आणि मी खोलीत असताना माझ्याबद्दल दुसऱ्यांशी बोलायची. "अम्मा ने पॉटी कर ली." मी पोरी डिग्रीला बसवल्यात ग बाई! तिच्या जागी भंवरी येते. आठवते ना? तू कॉलेजात असताना आपल्याकडे भांड्यांना होती. मग सांगानेरला छपाईच्या कारखान्यात वीस वर्षं कापड धुतलं तिने. नखांच्या कडांना अजून निळं आहे. ती मला 'मास्टरनीजी' म्हणते आणि फार बोलते, पण माझ्याशी बोलते.

प्रगती सांगते. जेवण स्वतंत्र. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट पळत नाही. कपडे जवळजवळ स्वतंत्र. भंवरीने परकरात नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं आणि ब्लाऊजला बटणांऐवजी चिकटणाऱ्या पट्ट्या लावल्या. साडी अजून पाऊण तास घेते, पण निऱ्या माझ्या मी घालते. जिना कठड्याला धरून, चांगला पाय आधी. दारं बंद करून एकटी सराव करत असते. दिल्लीत ते राज्यमंत्री असतात ना, स्वतंत्र कार्यभारवाले, तशी माझी गत झालीय. खातं लहान, पण वरती कुणी नाही.

केसांचा रकाना तर पहिल्याच दिवशी आला. शेखावत मॅडम म्हणाल्या, "शॉर्ट हेयर है तो कॉम्ब आप ख़ुद कर लेंगी, इंडिपेंडेंट!" आणि केली खूण. चांगली पोरगी आहे, तिचा दोष नाही. कापून घेतलं की माणूस स्वतंत्र होतं, हे मला तेहतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

व्हिडिओवर तुला माझ्या कोपराशी काळंनिळं दिसलं म्हणे. कपाटाचं दार लागलं. उगाच अनिरुद्धला डॉक्टरांना फोन करायला लावू नकोस.

आई

•

जयपूर, २४ जुलै

मैत्रेयी,

तुझं पत्र आलं. आयुष्यातलं तुझं पहिलं मराठी पत्र, अडीच पानं, आणि त्यात हे लिहायला सुचलं तुला!

तुझीच वाक्यं तुला वाचून दाखवते. "आई, गिरिजाच्या वेळी मी फोनवर विचारलं होतं, मी माहेरी येऊ का. तू म्हणाली, तुझं घर, तुझं मूल, तू स्वतंत्र बाई आहेस, एक बाई ठेव. मी ठेवली. आता मी पण तुझ्यासाठी तेच करते आहे. मतलब, तूच तर शिकवलं."

बारा वर्षं तुझ्या पोटात हे होतं, आणि बाहेर काढायला तुला माझा हात लुळा पडायची वाट बघावी लागली? धडधाकट होते तेव्हा का नाही भांडलीस? तेव्हा मी तुला चांगलं उत्तर दिलं असतं.

आताही देते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय देवाने लिहून दिलेली गोष्ट आहे? मुलीने पोट घेऊन आईकडे यायचं, आईने नोकरी सोडून खिमट शिजवायचं, आणि जावयाने तीन महिने मोकळं हिंडायचं! मी त्याच्या विरुद्ध होते आणि आहे. अनिरुद्धने दुपटी धुतली ती कुणामुळे? माझ्यामुळे. शिवाय त्या आठवड्यात कॉलेजची तपासणी होती, दिल्लीहून समिती आली होती, मी विभागप्रमुख होते. तुला बोलावणं सोड, मी तिकडे यायला निघूच शकत नव्हते. हे तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आणि तुलना कसली करतेस? तुला मी नाही म्हटलं, तेव्हा तुला तोंड होतं, तू भांडू शकत होतीस. मला तर तोंडच नव्हतं, मैत्रेयी.

याहून जास्त लिहीत नाही. हात दुखतो.

आई

•

जयपूर, ३ ऑगस्ट

मैत्रेयी,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून झोप नाही. भंवरीवर ओरडले, माथुरजींच्या सुनेवर ओरडले, काल दूधवाल्यालाही सोडलं नाही. म्हणून आज बसलेय. जे लिहिते ते एकदाच लिहिणार आहे, पुन्हा विचारू नकोस.

आधी कोपराचं. कपाटाचं दार वगैरे काही नाही. १० जुलैला मी न्हाणीघराच्या पायरीवर पडले. भंवरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. एक हाक मारली असती तर दोन मिनिटांत खाली आली असती. मी मारली नाही. अंघोळीच्या रकान्यात मला 'स्वतंत्र' हवं होतं, आणि हाक मारली तर तो 'आधाराने' झाला, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कुणी बघायला नव्हतं, शेखावत मॅडम शहरात, सी-स्कीमला, आपल्या दवाखान्यात, तू पुण्यात, आणि मी ओल्या फरशीवर पडून प्रामाणिकपणे परीक्षा देत होते. चाळीस मिनिटं. वरून विमानं जात होती, ती मोजली. सहा.

शेवटी भंवरी आपणच आली. मला उठवलं, पुसलं, कॉटवर बसवलं आणि मग अशी काय भडकली! "आवाज क्यूँ ना दी? मैं मर गई थी क्या? घर में बैठी हूँ मैं, और आप फ़र्श पे पड़ी रहीं! मेरे को क्या समझ रखा है?" मी म्हटलं, परीक्षा आहे. ती म्हणाली, "ऐसी परीच्छा में आग लगे." आणि तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिचा राग मला कळला नाही. मला वाटलं, माझ्या पडण्याचा राग आहे. तिला तो अपमान वाटला होता. ती हाकेच्या अंतरावर असून मी तिला हाक मारण्याजोगी समजले नाही.

आता दुसरं. कॉलेजची तपासणी बुधवारी संपली. समिती त्याच रात्रीच्या गाडीने गेली. गिरिजा शनिवारी झाली. माझी चोवीस दिवसांची रजा शिल्लक होती, आणि तुझ्या बाबांनी न विचारता दोघांची पुण्याची तिकिटं काढून आणली होती. ती मी त्यांना परत करायला लावली. मी घरीच होते, मैत्रेयी. उदयपूरच्या एका परिसंवादासाठी निबंध लिहीत होते. विषय होता स्त्री-स्वातंत्र्य. फार वाहवा झाली.

खरं कारण ऐक. मला भीती वाटली. मला माझ्या आईने बाळंतपणाला नेलं नव्हतं, ती नव्हतीच. तू झालीस तेव्हा मी एकटीने सगळं केलं आणि त्याचा मला इतका गर्व झाला, की कुणाला तेल कसं लावायचं, कुणाच्या उशाशी रात्रभर कसं बसायचं, हे शिकायचंच राहून गेलं. तू आली असतीस तर तुला ते कळलं असतं. म्हणून मी तुला स्वतंत्र केलं.

दहाव्या दिवशी तुला ताप चढला आणि पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं, हे मला महिन्याने कळलं, अनिरुद्धकडून. तू मला हाक मारली नव्हतीस. तेव्हा मी बाबांना म्हणाले, "बघा, किती खंबीर आहे माझी मुलगी." न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते तेव्हा ते वाक्य मला आठवलं. तू किती वेळ पडून होतीस, ते मी आजवर विचारलं नाही.

माझं चुकलं. वाईट चुकलं. केसांचा राग मात्र यात वजा होत नाही, तो वेगळा आहे.

गेल्या आठवड्यात तीजेचा सण झाला. भंवरी लहरियाची साडी नेसून, घेवरची मिठाई घेऊन आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगली तीज तक चोटी हो जाएगी, मास्टरनीजी." मी म्हटलं, झाली तरी घालणार कोण? एका हाताने वेणी घालता येत नाही, मी उशीच्या झालरीवर करून पाहिलंय. ती म्हणाली, "जिसने कटवाई है, वो गूँथेगी."

आई

•

जयपूर, १६ ऑगस्ट

मैत्रेयी,

निकाल सोबत जोडलाय. आधी वाच, मग तो उलगड.

परवा शेखावत मॅडमनी परीक्षा घेतली. दहापैकी दहा! त्यांनी टाळ्या वाजवल्या, मला घेऊन फोटो काढला, तो बहुतेक तुला पाठवलाही असेल. मी करार जिंकले. त्या रात्री पिठलं केलं आणि पोटभर जेवले.

काल पंधरा ऑगस्ट. कॉलनीच्या बागेत गेली अकरा वर्षं झेंडा मी फडकवते आणि गेली अकरा वर्षं माथुरजींशी भांडते. सगळीकडे करतात तशी गाठ मारून झेंडा आधीच वर टांगायचा आणि एक हिसका देऊन फुलं पाडायची, असं त्यांना हवं असतं. ते सव्वीस जानेवारीचं. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो, कारण त्या दिवशी तो पहिल्यांदा वर गेला. हे मी दरवर्षी माईकवरून सांगते आणि दरवर्षी पोरं जांभया देतात. या खेपेला माथुरजी आदल्या दिवशी येऊन हळूच म्हणाले, "मैडम, इस बार ऊपर ही बाँध दें? एक झटके में हो जाएगा, आपको आसानी रहेगी."

आसानी! तोच शब्द. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, खालूनच चढेल आणि मीच चढवेन.

सकाळी आठला सगळी कॉलनी जमली. मी दोरी डाव्या हातात धरली आणि ओढली. झेंडा हातभर वर गेला. आता दुसऱ्या हाताने दोरी धरून ठेवायची आणि पहिला हात पुन्हा वर न्यायचा, तर दुसरा हात कुठाय? मी दोरी मनगटाला गुंडाळली, दातांत धरली, कशीबशी चढवत नेली. निम्म्यावर जाऊन अडकले. सोडली तर झेंडा खाली येणार, आणि ओढायला हात उरला नव्हता. दोनशे माणसं बघत होती. कुणीतरी घाईने राष्ट्रगीत सुरू केलं, ते संपलं, आणि झेंडा अर्ध्यावरच. अर्ध्यावर झेंडा कधी असतो ते तुला माहीत आहे. माझ्या तोंडात दोरीची धूळ, आणि मी संतापले होते. माथुरजींवर, तुझ्यावर, या मेल्या हातावर.

माथुरजी पुढे आले. मी मान हलवली, नको. आणि दोरी दातांतून सोडून, जमेल तेवढ्या जोराने ओरडले, "भंवरी!"

ती मागे, बायकांच्या घोळक्यात होती. धावत आली. मी म्हटलं, "मी ओढते, तू नुसती धरून ठेव." ती म्हणाली, "हाँ, आप खींचो." मी ओढायचं, तिने धरायचं, मी पुन्हा वर पकडायचं. तिची निळी नखं माझ्या हाताखाली. वर जाईपर्यंत बराच वेळ लागला. राष्ट्रगीत दुसऱ्यांदा म्हणावं लागलं आणि या वेळी पोरांनी जांभया दिल्या नाहीत.

मग माथुरजींनी माईक घेतला. "देखिए साहब, इसको कहते हैं इंडिपेंडेंट! अकेली औरत, एक हाथ, और झंडा फहरा दिया!" शेजारी भंवरी उभी होती, घामाने भिजलेली, दोरी अजून तिच्या मुठीत. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. मी माईक मागितला. माझी जीभ जड, निम्मं कुणाला कळलं नसेल. म्हटलं, "अकेली नहीं थी. मैंने बुलाया, ये आई." तेवढंच. लोकांना वाटलं, अजून भाषण होईल.

आता निकालाचा कागद उलगड.

तिसऱ्या रकान्यात, केस-तोंड, तिथली खूण मी खोडलीय. शाई सांडली नाहीये, मुद्दाम खोडलीय, आणि शेजारी 'आधाराने' लिहिलंय. आता दहापैकी नऊ. तुझ्या अटीप्रमाणे मी हरले.

आणि मी इथेच राहणार आहे. ती अट आपल्या दोघींच्याही मूर्खपणाची होती, तू घातलीस आणि मी मान्य केली. दहा कामं एकटीने करता येतात म्हणून मी इथे राहणार, असं नाही. मी इथे हाक मारली की कोण येईल, ते मला ठाऊक आहे, आणि कुणाला मारायची ते मी ठरवणार, म्हणून राहणार. दलालाला आजच फोन करून तो फोटो उतरव. कॅमेरा काढायला माणूस पाठव. फडकं मला पोळ्यांना लागतं.

केस वाढवतेय. आत्ता मानेशी आलेत आणि विलक्षण वाईट दिसतात. दिवाळीपर्यंत चिमूटभर वेणी होईल, उंदराच्या शेपटीएवढी. ती घालायला तू यायचंस. राग धरून आलीस तरी चालेल, मीही धरून बसलेय. गिरिजाला आण. अनिरुद्धला नको, त्याला म्हणावं, दुपटी धुतलीस तसं घर सांभाळ.

तुझं बाळंतपण राहिलंय. बारा वर्षं उशीर झाला, पण मी आता शिकतेय. डिंकाचे लाडू मला एका हाताने वळता येत नाहीत. भंवरी वळेल, मी शेजारी बसून तिला रागवेन. अंगाला तेल डाव्या हाताने लावीन, उजवीकडे जोर कमी पडला तर सांग. रात्री तुझ्या उशाशी बसेन. आणि त्या तापात तू किती वेळ एकटी पडून होतीस, ते सगळं मला सांगायचं, मी वाक्यं पुरी करणार नाही.

आशीर्वाद राहिलेत. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, आणि डाव्याने मी ते देणार नाही. आलीस की तू खाली वाक.

आई